कोणतीही चूक मान्य न करता

माझी बायको जिन्यावरून पडली.

हे वाक्य मी लिहिलं आणि विमा कंपनीच्या वकिलांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पेन काढलं आणि वाक्य दुरुस्त करून दिलं.

सदर महिला जिन्यावरून पडली, असे तिचे म्हणणे आहे.

"अहो, पण मी बघितलंय," मी म्हणालो. "मी वरच होतो. दाराला कुलूप लावत होतो."

"बघितलंय?" त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग जरा कमी आठवायला लागा."

तर पुन्हा सुरुवात करतो.

सदर महिला (ती माझी बायको आहे हे मान्य करायला वकिलांची हरकत नव्हती, पण तीही परवानगी त्यांनी थोडा विचार करूनच दिली) आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून खाली निघाली होती. इमारतीला मजले चार, जिना एक आणि सचिव एक. जिना सिमेंटचा आणि सचिव मी. सचिव होण्यासाठी मी काहीही केलेलं नाही. वार्षिक सभेला मी वेळेवर पोचलो, तेव्हा तिथे एकटे खजिनदार बसले होते. बाकीचे येईपर्यंत आमची निवडणूक उरकली होती. तेव्हापासून इमारतीत नळ गळला, पाल दिसली किंवा कुणाचं कुणाशी वाजलं, की आमची बेल वाजते.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याचा एक खांब सैल झाला. (वकील: "सैल असल्याची चर्चा होती.") सैल असल्याची चर्चा होती. आता नियम असा, की दुरुस्तीसाठी तीन जणांकडून दर मागवायचे आणि मग काम द्यायचं. दोघांनी दर दिले. तिसरा वेल्डर येऊन कठडा हलवून गेला, "यात मला काही उरत नाही" म्हणाला आणि त्यानं नव्या लोखंडी गेटचा दर पाठवून दिला. गेट आम्हाला नको होतं. कठड्याचा तिसरा दर नव्हता. नियम म्हणजे नियम. मी काय करावं?

मी नायलॉनच्या दोरीनं खांब बांधला आणि त्यावर एक पाटी लावली. "कठडा धरू नये. सचिव." अक्षर माझंच, पण चांगलं.

पाटीचं तोंड खाली, म्हणजे चढणाऱ्यांकडे होतं. उतरणाऱ्याला तिची मागची कोरी बाजू दिसायची. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. उतरणारा माणूस आधी कधीतरी चढलेलाच असणार, असा माझा तर्क होता. तर्कात आजही मला खोट सापडत नाही.

ही मात्र जेवताना, कपडे वाळत घालताना, मध्येच म्हणायची, "अहो, तो कठडा." बस, एवढंच. वाक्य पूर्ण करण्याइतकीही आशा तिला नसावी.

हिचं पलीकडच्या गल्लीत बायकांचे केस कापायचं छोटं दुकान आहे. त्या सकाळी धुतलेल्या टॉवेलांची भलीमोठी पिशवी खांद्याला लावून ती उतरत होती. वळणावर पिशवी घसरली, तोल गेला, हिनं कठडा धरला, आणि कठड्यानं तिला एकटीला जाऊ दिलं नाही. दोघं बरोबरच खाली गेले. मी धावत उतरलो. ही भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक, उजवा हात मांडीवर दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा ठेवलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "पाटी होती ना तिथे!"

(वकील: "वा! उत्तम! घटनास्थळी तत्काळ इन्कार. हे मात्र जसंच्या तसं राहू द्या.")

*

मनगटात पट्टी आणि स्क्रू बसवले. प्लास्टर निघालं तेव्हा कळलं, की अंगठा आणि बोट एकमेकांना भेटतात, पण धरत काहीच नाहीत. कात्री क्षणभर हातात राहायची आणि गळून पडायची. डॉक्टर म्हणाले, आणखी एक शस्त्रक्रिया केली तर पकड परत येईल, निदान बरीचशी. तिचा खर्च ऐकून मी दवाखान्यातल्या बाकावर बसलो. दुकान बंद, दुकानाचं भाडं चालू, आणि माझा पगार म्हणजे मध्यमवर्गीय माणसाचा: महिन्याच्या शेवटी उरतो तो फक्त मान.

पडलेला खांब मी पुन्हा दोरीनं जागेवर बांधून ठेवला होता. संध्याकाळी खजिनदार भेटायला आले. भेटायला इमारतीतले सगळेच येत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "कोर्टात जाशील तेव्हा थोडं लंगड गं."

"काकू, हात मोडलाय."

"तरी. वाईट काय दिसायचंय?"

खजिनदारांनी चहा संपेपर्यंत दुःखी चेहरा ठेवला. मग म्हणाले, "सेक्रेटरी, आपल्या इमारतीचा विमा आहे. आवारात कुणाला इजा झाली तर कंपनी भरपाई देते. इतकी वर्षं हप्ता भरतोय मी, आणि कुणी म्हणून कुणी पडेना." त्यांचा आवाज भरून आला. "वहिनींनी इमारतीवर दावा लावायचा. कंपनी देईल. आपल्या कुणाच्या खिशाला हात नाही. ऑपरेशन होऊन जाईल."

हिचा मामेभाऊ वकील आहे. त्यानं आयुष्यभर जमिनीचे तंटे चालवले, पण ताईसाठी तो तयार झाला. त्यानं आम्हाला कायदा समजावला. इतका सुंदर कायदा मी ऐकला नव्हता.

"सोप्पं आहे, ताई. ज्याच्या निष्काळजीपणामुळे इजा, त्यानं भरपाई करायची. आणि भरपाई कशी? तर माणूस अपघाताच्या आधी जिथे होता तिथे त्याला परत नेऊन ठेवायचं."

"तिसऱ्या मजल्यावर?" हिनं विचारलं.

ती बरेच दिवसांनी काहीतरी गमतीचं बोलली होती, म्हणून आम्ही दोघं जरा जास्तच हसलो. ती हसली नाही. "म्हणजे ज्याचं चुकलं तो म्हणणार ना, की माझं चुकलं?"

"तोच तर पाया आहे कायद्याचा," मामेभाऊ म्हणाला.

पाया होताच. मात्र वर जे बांधलं होतं ते विमा कंपनीनं. कंपनीचे वकील आले, आणि त्यांनी करारातलं एक कलम मला वाचून दाखवलं. विमाधारकाने, म्हणजे इमारतीने, म्हणजे सचिवाने, म्हणजे मी, कुणाहीपुढे, तोंडी वा लेखी, कोणतीही चूक मान्य करायची नाही. केली, तर करार रद्द.

"बायकोपुढेसुद्धा?"

"त्या आता तुमच्या बायको नाहीत, साहेब. त्या वादी आहेत." मग माझा चेहरा बघून ते जरा मऊ झाले. "हे बघा, 'माझं चुकलं' हे दोन शब्द तुम्ही बोललात तर कंपनी पैसे देणार नाही. मग भरपाई इमारतीनं द्यायची, आणि इमारतीकडे काय आहे? पाण्याची टाकी. तुम्हाला त्यांचा हात बरा व्हायला हवाय ना?"

"हवाय."

"मग गप्प बसा. यातच त्यांचं भलं आहे."

म्हणजे बघा. हिला ते दोन शब्द हवे होते, आणि हिला हात हवा होता. माझ्या खिशात दोन्ही नव्हतं. पण गप्प राहिलो तर एक मिळणार होतं. मी हात निवडला. यात मला कुणी शहाणं म्हणेल, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

*

कोर्टाचा माणूस सचिवाच्या नावची नोटीस घेऊन आला. दार हिनं उघडलं.

"वादी कोण?"

"मी."

"आणि प्रतिवादी?"

"अंघोळ करताहेत."

त्यानं हिच्याकडे पाहिलं, बाथरूमच्या दाराकडे पाहिलं, आणि कागद हिच्याकडे देऊन पोच मागितली. हिनं डाव्या हातानं सही केली आणि नोटीस माझ्या टॉवेलवर ठेवली.

नोटिशीला उत्तर वकिलांनी तयार केलं. मी फक्त सही केली, आणि सही करताना वाचू नये हा त्यांचा सल्लाही पाळला. हिनं मात्र ते वाचलं. मोठ्यानं वाचलं, ओट्याजवळ उभं राहून.

"'सदर महिला ही सचिवांच्या घरात राहत असल्याने तिला कठड्याच्या कथित अवस्थेची पूर्ण कल्पना होती. किंबहुना ती याविषयी वारंवार बोलत असे.'" ती थांबली. "म्हणजे मी सांगत होते, म्हणून चूक माझी?"

"तसं नाही..."

"थांबा, पुढे आहे. 'तथापि तिने सचिवांकडे कोणतीही तक्रार केलेली नाही. तिचे बोलणे पतीशी झाले होते.'"

मी मान खाली घातली. तत्त्व म्हणून ते बिनतोड होतं.

"मग तुम्ही त्यांना कधी भेटलात तर निरोप द्या," ही म्हणाली. "सचिवांना."

त्यानंतर मी तिची सेवा सुरू केली. डब्यांची झाकणं उघडणं, भाजी चिरणं, तिची वेणी. वेणी घालताना तिच्या केसांचा मी इतका गुंता केला, की आयुष्यभर दुसऱ्यांचे केस सावरलेल्या त्या बाईनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, तोंडानं नाही तर हातानं तरी. हे मी वकिलांना सहज सांगितलं, तर ते खुर्चीतून उठलेच. "जास्त सेवा नको! वागण्यातूनही कबुली निघते. शेजारी बघतात. माफक करा. कुठल्याही नवऱ्यानं केली असती तेवढीच."

"ते किती?"

"फार थोडी," ते म्हणाले. अनुभवी माणूस.

*

पुढचं लिहिणं जिवावर येतंय. पण ते वगळलं तर बाकीच्याला अर्थ उरत नाही.

रविवारची दुपार होती. हिचा हात ठणकत होता. ती पलंगावर बसली होती, डाव्या हातानं उजवा धरून, आणि मी तेल चोळत होतो. (माफक.) ती हळूच म्हणाली, "एकदा म्हणा ना. कोर्टाचं सोडा. इथे, मला. त्या दिवशी मी खाली पडले होते आणि तुम्ही म्हणालात पाटी होती. तेवढं माझ्या कानातून काढा."

मी तोंड उघडलं, आणि मला काय आठवावं? वकील म्हणाले होते: "त्यांच्या बाजूनं एखादा साक्षीदार दाराआड उभा करतात, साहेब. बायकोला प्रेमानं विचारायला लावतात. सावध राहा."

दारावरचा पडदा हलला होता. वाऱ्यानं असेल. मामेभाऊ सकाळी येऊन गेला होता. गेलाच होता ना?

मी उठलो. मी असा माणूस नाही, हे मला इथे नमूद करायचं आहे. मी पडद्याजवळ गेलो आणि तो बाजूला करून मागे पाहिलं.

मागे दोरीवर टॉवेल वाळत होते. दुकान बंद होतं तरी ती ते दर आठवड्याला धुवायला लावायची.

"कुणी नाही तिथे," ही मागून म्हणाली.

त्यानंतर तिनं मला घरात कधीही विचारलं नाही.

*

कंपनीच्या डॉक्टरांनी तिची तपासणी केली. मला बाहेर बसवलं होतं, तरी दार अर्धं उघडं होतं. त्यांनी तिच्या हातात कात्री दिली आणि पुढे वर्तमानपत्राचा कागद धरला. हिचा चेहरा घामानं डबडबला. मानसन्मान सगळा पणाला लावून तिनं तो कागद कापला. वाकडातिकडा, पण आरपार. केस कापणाऱ्या बाईला कुणी कात्री दिल्यावर ती नाही जमत म्हणणार आहे का?

डॉक्टरांनी लिहिलं: कात्री चालवते.

"अगं, नाही जमत म्हणायचं होतंस!" मामेभाऊ कोर्टाच्या पायऱ्यांवर ओरडला.

"जमलं ना पण," ही म्हणाली. आणि बिचारी खूश होती.

यामुळे आमची बाजू, म्हणजे तिच्याविरुद्धची बाजू, भक्कम झाली. वकिलांनी माझी पाठ थोपटली. मी घरी येताना बसमध्ये हिच्या शेजारी बसलो आणि जिंकत असल्याचं वाईट वाटून घेत राहिलो.

मग माझी साक्ष. उलटतपासणी मामेभावानं घेतली. त्यानं मला "भाऊजी" म्हणायची सवय मोठ्या कष्टानं आवरली होती.

प्रश्न: आपण त्याच जिन्यानं रोज जाता-येता?

उत्तर: हो.

प्रश्न: उतरताना कठडा धरता?

उत्तर: नाही.

प्रश्न: का नाही?

उत्तर: सैल आहे ना तो.

कंपनीच्या वकिलांची खुर्ची करकरली. न्यायाधीशांनी वर पाहिलं. "काय म्हणालात?"

"म्हणजे, तशी चर्चा आहे," मी म्हणालो.

मी हिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, इतक्या महिन्यांत, ती माझ्याकडे नवऱ्याकडे बघावं तशी बघत होती. अर्धवट का होईना, तिला ते ऐकू आलं होतं. पण बाहेर येताच वकिलांनी माझं कोपर धरलं. "शपथेवर निसटलं म्हणून वाचलात. आपण होऊन बोलला असतात तर करार संपला होता. आता तडजोडच. आणि तिथे तुम्ही एक अक्षर काढायचं नाही."

*

तडजोडीची खोली. एक लांब टेबल, मधोमध मध्यस्थ बाई, आणि सगळ्यांना पुरतील इतक्या खुर्च्या नाहीत म्हणून खजिनदार खिडकीत बसलेले. बाईंनी कागद वाचला: "कोणतीही चूक मान्य न करता, केवळ सद्भावनेने..."

"सद्भावना कुणाची?" हिनं विचारलं.

"कंपनीची," वकील म्हणाले.

"ती कुठे असते?"

"हेड ऑफिसला."

बाईंनी रक्कम सांगितली. डॉक्टरांच्या त्या कागदामुळे ती शस्त्रक्रियेला पुरणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही लगेच कळलं. हिनं हात टेबलावर ठेवला. "मला पैसे यापेक्षा कमी द्या. चालेल. यांनी सगळ्यांसमोर एकदा म्हणायचं, 'माझं चुकलं.' बास. मी सही करते."

वकील फोन घेऊन बाहेर गेले. परत आले. "तशी पद्धत नाही. पण रक्कम थोडी वाढवता येईल."

"वाढवू नका. म्हणू दे त्यांना."

ते पुन्हा बाहेर. पुन्हा आत. रक्कम आणखी वाढली होती. हेड ऑफिसमध्ये कुणीतरी म्हणालं म्हणे, की बाई फार कसलेली दिसते.

"ताई, असंच लावून धर," मामेभाऊ कुजबुजला.

"वहिनी, कमाल आहे तुमची!" खजिनदार खिडकीतून.

"मी भाव करत नाहीये," ही म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "कुणाला कळतंय का? मी भाव करत नाहीये."

ते कुणालाच कळत नव्हतं. रक्कम मात्र वाढत होती. दोन शब्दांची किंमत इतकी असते हे मला तिथे कळलं, न बोललेल्या. आणि मग वकील फोनवरून येऊन बसले आणि म्हणाले, हे शेवटचं. आकडा शस्त्रक्रियेला पुरत होता. भाड्यालाही थोडा.

आता हिनं कुणाकडेच पाहिलं नाही, फक्त माझ्याकडे. "बोला ना," ती म्हणाली.

शब्द माझ्या तोंडात होते. खरंच होते, दातांच्या मागे. वकिलांनी टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग मी मध्यस्थ बाईंकडे वळून म्हणालो, "मला जरा पाणी मिळेल का?"

पाणी आलं. मी ते प्यालो. पेला खाली ठेवला, तेव्हा तिची सही झाली होती. अंगठा आणि बोट यांच्यात पेन राहत नव्हतं म्हणून तिनं ते मुठीत धरलं होतं, लहान मूल धरतं तसं.

खजिनदारांनी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. माझ्याशी दोनदा. मामेभाऊ म्हणाला, "बघितलंस ताई? कायदा शेवटी न्याय देतोच." वकिलांनी मला बाजूला घेऊन करार कायम असल्याची खात्री दिली आणि विचारलं, "कठड्याचं काय केलंत?" मी म्हणालो, तिसऱ्या दराची वाट बघतोय.

आम्ही दोघं बाहेर पडलो. कोर्टासमोरचा रस्ता रुंद आहे, आणि सिग्नल लाल होता. आजूबाजूला अनोळखी माणसं, हॉर्न, धूर. इथे कुणी वकील नव्हता, कुणाचा करार नव्हता. निदान ऐकायला येईल इतक्या अंतरावर नव्हता. मी तिच्याकडे वळलो आणि म्हणालो. दोन्ही शब्द. नीट, एकामागून एक, पाटीबिटीचं नाव न काढता.

तिला ऐकू गेलं. तिनं मान हलवली, रस्त्याकडेच बघत.

"आता राहू दे," ती म्हणाली. "ते न ऐकण्याचे पैसे घेतलेत मी."

सिग्नल हिरवा झाला, आणि मागच्या लोकांनी आम्हाला पुढे ढकललं.